भीमाबाईची फळी

नागपूरच्या लकडगंजात, लाकूड चिरायच्या आरामशीनवर बळीराम नान्हे ओंडक्याला आधी थापट मारायचा, मग नाक लावायचा, आणि मग सांगायचा, "हा बालाघाटचा. पोटात पोकळ हाय."

"अबे, वरून तर ठणठणीत दिसून राहिला!" मालक म्हणायचा.

बळीराम वाद घालायचा नाही. ओंडका पट्ट्यावर चढायचा, पातं कुरकुरत आत शिरायचं आणि मध्यावर पोचलं की त्याचा आवाज एकदम बदलायचा. पोकळ. मालक बळीरामकडे बघायचा, बळीराम आपल्या विडीकडे.

पंचेचाळिशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. भुवयांत कायम भुसा, त्यामुळे तो जरा म्हाताराच दिसायचा आणि त्याला त्याची हरकत नव्हती. पण बघण्यासारखे होते ते त्याचे तळवे. पंचवीस वर्षं लाकूड घासून घासून त्यांची कातडी अशी झाली होती की चहा आला की बाकीचे लोक पेला कडेला धरून 'हुस्स हुस्स' करायचे आणि बळीराम तो बुडाशी धरून बसायचा. "जळत नाई का गा?" कुणी विचारलं तर तो खरोखर गोंधळून विचारायचा, "काय?" जगातली जी काही पारख करायची ती याच तळव्यांनी, असा त्याचा रिवाज होता. टरबूज, भिंत, बैलाचा खांदा, लग्नाच्या वेळी व्याह्याची पाठ. सगळ्यांना एकेक थापट.

आता एवढा लाकूडवेडा माणूस, तर घराणं सुताराचं असेल असं वाटेल. तसं नव्हतं. बळीराम ढिवराचा. कोराडीच्या पुढे खैरीचं तळं आहे, त्याच्या काठावर त्याचं घर. घरातले सगळे पाण्यातले. मासे धरायचे, शिंगाडे लावायचे. बळीराम नऊ वर्षांचा असताना शिंगाड्याच्या वेलांत पाय अडकून तळाशी गेला. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठ्या बहिणीने, भीमाबाईने, बुडी मारून केसाला धरून त्याला वर आणलं. त्या दिवसापासून बळीराम गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाही. वयात आला तसा शहरात निघून आला आणि जी वस्तू पाण्यात बुडत नाही तिच्याशी त्याने जन्माची सोयरीक केली. भीमाबाई अजूनही चारचौघांत म्हणायची, "आमचा बळ्या ढिवर हाय, पण कोरडा."

तर ही भीमाबाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण तळ्यात तिचा पट्टा होता. खैरीचं तळं शिंगाड्यासाठी बांबू रोवून पट्ट्यापट्ट्यांत वाटलेलं असतं. छातीभर पाण्यात चालत जायचं, पानांचा झुपका उचलायचा, खालचे काटेरी शिंगाडे खुडून कमरेला बांधलेल्या टोपलीत टाकायचे आणि झुपका पुन्हा पाण्यावर ठेवायचा. तीस वर्षं ती हे करत होती. पण मागच्या कार्तिकात तळाच्या गाळाने तिचा पाय धरला तो सोडेना. पन्नाशीच्या बाईच्या गुडघ्यांत तेवढा जोर राहिला नव्हता. दोघांनी ओढून काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी सांगितलं, छातीभर पाण्यात उभं राहणं बंद.

तळ्याचा एक जुना नियम होता. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी पहिली तोड. त्या दिवशी ज्याचा पट्टा त्याने स्वतः आत जाऊन पहिली टोपली काठावर आणायची. नाही आणली तर पट्टा दुसऱ्याला. तळ्याचे म्होरके मारोतराव हे वाईट माणूस नव्हते. "भीमाबाई, तू काठावर बस, शिंगाडे उकड. तुले कोणी उपाशी ठेवणार हाय का?" असं त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. भीमाबाईला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. ती कोराडीची बस पकडून बळीरामच्या घरी आली, दोन दिवस राहिली, आणि जाताना एवढंच म्हणाली, "काठावर बसाले मी काय कोरडी हावो?"

बळीरामला ते वाक्य पुरलं. पण काय करायचं ते सुचेना. टायरची ट्यूब फुगवून तिच्यावर जावं तर शिंगाड्याचे काटे दहा मिनिटांत ती बसवतात. तळ्यात एक डोंगा होता, तो सगळ्यांचा आणि दोघांशिवाय हलत नसे. असे सहा महिने गेले.

मग छप्पन्नातल्या नव्हे, शहात्तरातल्या वैशाखात, दुपारी, गांधीबागेतून आणलेल्या चिवड्याची पुडी सुटली. (छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेची गोष्ट सांगणारे नागपुरात पुष्कळ आहेत, ही त्या मानाने लहानशी आहे.) पुडीचा कागद गुळगुळीत होता, कुठल्यातरी जुन्या इंग्रजी मासिकाचा. चिवडा संपला तसं तेलाच्या डागांतून एक चित्र वर आलं. निळं पाणी, घरापेक्षा उंच उठलेलं, आणि त्याच्या उतारावर एका लांबट फळीवर एक उघडाबंब माणूस उभा.

बळीरामचं चघळणं थांबलं.

"पंत," त्याने हाक मारली. दत्तोपंत हे आरामशीनचे कारकून. ओंडक्यांची मापं लिहीत आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या अज्ञानाची कीव करत. "पंत, हे कोणतं लाकूड असंन जी?"

दत्तोपंतांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "अरे, माणूस लाटेवर उभा आहे! मागे पाण्याची एवढी भिंत उभी आहे! आणि तू लाकूड विचारतोस?"

"माणूस तं दिसूनच राहिला. लाकूड नाई दिसून राहिलं."

पंतांनी बोट फिरवत वाचलं. पॅसिफिक महासागर. सर्फबोर्ड. लाकडाचं नाव नव्हतं. बळीरामला महासागराचं काही पडलं नव्हतं. तो कोपऱ्यातलं लहान चित्र बघत होता. तोच माणूस, तीच फळी, पण इथे तो पोटावर निजला होता आणि दोन्ही हातांनी पाणी मागे सारत आत निघाला होता. त्याचे पाय तळाला लागत नव्हते. लागायची गरजच नव्हती.

बळीरामने कागद चार घड्या करून खिशात घातला. त्या दिवशी त्याने एका ओंडक्यालाही थापट मारली नाही.

चार दिवसांनी दत्तोपंत सायकलवरून उतरतानाच म्हणाले, "सापडलं! भाच्याच्या कॉलेजातल्या जाडजूड पुस्तकात पाहिलं. बाल्सा. दक्षिण अमेरिकेत होतं. जगातलं अतिशय हलकं लाकूड."

"मंग आपल्या इकडं त्याचा चुलतभाऊ असंनच की कोणी," बळीराम म्हणाला.

आणि शोध सुरू झाला. आरामशीनच्या मागे पाण्याचा एक हौद होता. बळीरामने लकडगंजात फिरून लाकडं गोळा केली, प्रत्येकाचा विटेएवढा सारखा तुकडा कापला, ओळखीसाठी पटाशीने खाचा पाडल्या आणि सगळे एकदम हौदात सोडले. पंधरा दिवस कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी पंत वाकून बघणार, कोण किती बोटं पाण्याबाहेर आहे ते वहीत लिहिणार. पंतांना हा प्रकार वेडगळ वाटत होता, पण मोजायला मिळतंय म्हटल्यावर त्यांच्याने राहवेना.

चहावाला भैय्याजी पेले विसळायला हौदावर यायचा. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "का गा बळीराम, लाकडाचं लोणचं टाकून राहिला का?"

"मुरू दे. मंग सांगतो."

पांगाऱ्याने पहिल्या दिवशी कमाल केली. बदकासारखा पाण्यावर बसला होता, जणू त्याला ओलावा ठाऊकच नाही. पंत म्हणाले, "हाच तुझा बाल्सा." चौथ्या दिवशी तो खांद्यापर्यंत आत गेला. नवव्या दिवशी नुसतं नाक बाहेर. बळीरामने काढून दाबला तर बोटांतून पाणी गळालं. सावर पांगाऱ्याचीच बहीण निघाली, वर तिला वास सुटला. सालई फुगून वाकडी झाली. साग जसा पहिल्या दिवशी होता तसाच पंधराव्या दिवशी, अर्धा आत अर्धा बाहेर, मोठ्या साहेबासारखा. पण बाईमाणसाएवढी सागाची फळी करायची तर ती तळ्यापर्यंत न्यायला बैलगाडी लागली असती. बांबू सगळ्यांत छान तरंगला. त्याचा तराफा करावा असं पंतांचं मत पडलं.

"वेल अटकतीन ना पंत. पेराले पेर, पेराले पेर. भीमाबाई इकडून जाईन अन् तिकडून सगळा पट्टा उपटून आणीन. पोट गुळगुळीत पाह्यजे."

पंतांनी रेडिओच्या खोक्यातला थर्माकोल आणून दिला. तो तरंगला, यात वाद नाही. बळीरामने त्यावर शिंगाड्याचा एक वाळका काटा ओढला. पांढरा चुरा उडाला. थर्माकोलचा विषय तिथेच संपला.

पंधराव्या दिवशी सगळे तुकडे काठावर ओळीने मांडून बळीराम त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता. हलकं होतं ते पाणी पीत होतं. पीत नव्हतं ते जड होतं. जणू लाकडांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात भैय्याजी आला. हौदात एक काळपट फळकूट कायम तरंगत असायचं, त्यावर त्याने साबण ठेवला आणि पेले विसळू लागला. पेले झाले. साबण उचलला. फळकूट बोटभर वर आलं आणि तिथेच डुलत राहिलं.

बळीराम बघत राहिला.

"भैय्याजी, हे फळकूट कधीपासून हाय इथं?"

"मी आलो तवापासून हाय. चार-पाच पावसाळे झाले असतीन. काहून?"

बळीरामने ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं, देवघरातली मूर्ती उचलावी तसं. हातात वजन जवळजवळ नव्हतंच. त्याने कोपरा पटाशीने छिलला. वरचा काळा पापुद्रा गेला आणि आतून फिकट, लोण्यासारखा रंग निघाला. कोरडा. पाच वर्षं पाण्यात पडून कोरडा. त्याने थापट मारली. लाकडाने ढोलकीसारखा आवाज दिला.

"शिवण," तो हळूच म्हणाला. "शिवण हाय पंत ही. आलापल्लीच्या जंगलातली. ढोलकीचं खोड करतेत हिचं."

पंतांनी वही मिटली. पंधरा दिवस वाकून वाकून ते बोटं मोजत होते आणि उत्तर त्यांच्या नाकासमोर साबण घेऊन तरंगत होतं.  भैय्याजी म्हणाला, "म्या सांगितलं असतं की. मले कोणी विचारलं का?"

शिवण सापडली, पण तेवढ्याने भागत नव्हतं. पांगाऱ्याएवढी ती हलकी नव्हती. बळीराम दोन दिवस दोन्ही तुकडे एकेका हातात घेऊन फिरला. घरी कांताबाई, त्याची बायको, म्हणाली, "जेवताना तरी खाली ठेवा." त्याने ठेवले. पांगारा खाली, त्याच्यावर शिवण. आणि तसाच हात भातात ठेवून तो थांबला.

"कांता, पांगाऱ्याले अंग हाय, पण कातडी नाई. अन् शिवण म्हणजे कातडीच हाय."

"बरं," कांताबाई म्हणाली. "वरण घेता का?"

अशी ती फळी ठरली. पोटात पांगारा, वरून चारी बाजूंनी शिवणीच्या पातळ फळ्या. कोपऱ्यात पडलेला, मधोमध चिरलेला शिवणीचा एक ओंडका होता, गिऱ्हाईक त्याला विचारत नव्हतं. मालक म्हणाला, "ने." माप घ्यायला बळीराम खैरीला गेला. भीमाबाईला अंगणात पालथं निजवलं आणि हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरून गाठी मारल्या.

"मढ्याचं माप घेऊन राहिला का गा?" जमिनीवरूनच भीमाबाईने विचारलं.

"हलू नको वं बाई."

"हललीच तं समज जित्ती हावो."

लोखंडी खिळा एकही नाही. खिळा गंजतो, गंजला की वाट देतो, आणि पाणी एकदा आत गेलं की पांगारा ते पीत बसणार. म्हणून बांबूच्या खुंट्या. फळीला फळी अशी बसवली की पंतांनी पोस्टकार्ड घालून बघितलं आणि ते आत गेलं नाही. खालचं पोट रंध्याने असं गुळगुळीत केलं की माशी बसली तर घसरावी. पुढचं टोक चित्रातल्यासारखं किंचित वर उचललेलं. आणि या सगळ्यावर, पाण्याला कुठूनही शिरकाव मिळू नये म्हणून, बळीरामने बिब्याचं तेल काढून, तापवून, दोन हात चढवले. फळी काळीभोर चकाकू लागली. धोबी कपड्यावर बिब्याने खूण करतो ती कपडा फाटला तरी जात नाही; गाडीच्या आसालाही लोक तेच लावतात. पाण्याविरुद्ध याहून पक्का इलाज त्याला ठाऊक नव्हता.

बिबा अंगावर उततो हे विदर्भात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. बळीरामलाही होतंच. पण पंचवीस वर्षांत त्याने बिब्याचं लाकूड चिरलं होतं, फळं ठेचली होती, आत्ताही दोन्ही तळव्यांनी तेल चोळलं होतं. झालं का काही? काही नाही. दोन दिवस उन्हात ठेवून त्याने तळहात फळीवर दाबला, उचलला, बघितला. कोरडा. झालं तर मग. जगातली सगळी पारख तळव्यांनी करणाऱ्या माणसाने हीही तशीच केली.

घटस्थापनेच्या चार दिवस आधी कोराडीच्या बसच्या टपावर बांधून फळी खैरीला गेली. विजेच्या कारखान्याच्या चिमण्या ओलांडल्या तेव्हा कंडक्टरने विचारलं, "दरवाजा हाय का?"

"हो," बळीराम म्हणाला. समजावणार कोण.

काठावर भीमाबाई पदर खोचून तयार होती. बळीराम म्हणाला, "थांब. आधी मी."

"तू?"

"फळी मी केली. बुडाची असंन तं माह्याखाली बुडू दे."

भीमाबाई हसणार होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. बळीराम सदरा काढून घोट्याएवढ्या पाण्यात गेला. मग गुडघ्याएवढ्या. तिथे, छत्तीस वर्षांच्या आपल्या सीमेवर, थांबला. फळीवर पोटावर निजला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाला, "ढकल."

तिने ढकललं.

काही झालं नाही. म्हणजे तो बुडला नाही, एवढंच. अंगाखालची जमीन गेली आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं, जे किंचित हलत होतं पण सोडत नव्हतं. त्याने भीतभीत कान फळीला लावला. ओंडक्याला लावायचा तसाच, सवयीने. आणि त्याला ऐकू आलं. फळीच्या आतून सगळं तळं येत होतं. बुडबुडे, खोल कुठेतरी माशाने मारलेली उसळी, वेलांचं घासणं, पाण्याने लाकडाला मारलेल्या बारीक बारीक थापटा. जन्मभर तो लाकडाला विचारत आला होता, आत काय आहे. आज लाकूड त्याला सांगत होतं, खाली काय आहे. बळीराम कान लावून पडून राहिला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. काठावरून भीमाबाईच्या हाका आल्या, "बळ्या! मेला का झोपला?"

"आयकून राहिलो," तो म्हणाला, पण इतक्या हळू की तिला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची छाती खाजू लागली. संध्याकाळपर्यंत हनुवटीपासून बेंबीपर्यंत फोड उठले आणि उजवा कान भज्यासारखा फुगला. तळवे मात्र ठणठणीत.

कांताबाईने तीळ-खोबरं वाटून लावलं आणि लावता लावता जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. दत्तोपंत बघायला आले, कानाकडे टक लावून म्हणाले, "बळीराम, तुझे हात वेगळे आणि तू वेगळा, हे तुला आजच कळलं का?"

बळीरामला हसू आलं नाही. त्याला दिसत होतं ते दुसरंच. तो 'आधी मी' म्हणून अडून बसला म्हणून वाचलं. नाही तर त्या फळीवर बहीण निजली असती, सहा सहा तास, रोज. पहिल्या तोडीला बारा दिवस होते.

छातीला फडकं गुंडाळून तो उठला आणि खैरीहून परत आणलेली फळी त्याने पुढ्यात ओढली. जो बिबा दोन दिवसांत चढवला तो उतरवायला चार दिवस लागले. रंधा मारायचा, पातं पुसायचं, भुसा पुरायचा. कांताबाईला जवळ येऊ द्यायचं नाही. बिबा फक्त सांध्यांच्या आत राहिला, जिथे अंग लागत नाही. मग जवसाचं तेल उकळलं, त्यात राळ विरघळवली आणि ते फडक्याने पातळ पातळ जिरवलं. एक हात, एक दिवस ऊन. पुन्हा एक हात, पुन्हा ऊन. आकाशात ढग दिसला की तो त्याच्याकडे असा बघायचा की भैय्याजी म्हणायचा, "अगा, त्याले काय थापट मारतं का?"

यावेळी परीक्षेची पद्धतही बदलली. त्याच तेलाने माखलेला शिवणीचा एक ढलपा त्याने आपल्या पोटाच्या बऱ्या कातडीवर बांधला आणि दोन दिवस तसाच वावरला. सोडला तेव्हा कातडी जशीच्या तशी. त्याने हात लावून बघितलं नाही. कांताबाईला म्हणाला, "तू पाह्य. माह्या हाताचं काही खरं नाई."

सोमवारी खैरीच्या काठावर सगळे जमले. मारोतरावांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दत्तोपंत पायजम्याला सायकलच्या क्लिपा लावूनच आले होते; बसने आले होते, तरी. एकेक जण टोपली बांधून पाण्यात उतरू लागला. भीमाबाई फळी ओढत आली तेव्हा मारोतरावांनी कमरेवर हात ठेवले.

"भीमाबाई, हे काय, खाट आणली का वं?"

"नियम काय हाय, मारोतराव? सोता जाऊन पयली टोपली आणाची. मी सोताच जाऊन राहिली ना? का माह्या जागी ही जाऊन राहिली?"

"पण हे लाकूड..."

"तुमच्या पायात चप्पल असली तं चालते कोण? चप्पल?"

मारोतराव विचारात पडले आणि ते विचारात असतानाच ती निघाली. टोपली फळीच्या टोकाला बांधलेली. हनुवटी कडेला, दोन्ही हात पाण्यात. पानांच्या झुपक्यांवरून फळी सरकली आणि झुपके तिच्या पोटाखालून वाकून मागे पुन्हा सरळ झाले, एकही वेल न तुटता. पंधरा पावलं, तीस पावलं. गाळ खाली होता तिथेच राहिला. बांबूच्या खुणेपाशी तिने झुपका उचलला, खुडलं, ठेवला.  भीमाबाई पुढे पुढे जात राहिली आणि पानांत दिसेनाशी झाली.

मग बराच वेळ काही हललं नाही.

आणि एकदम, तळ्याच्या मध्यावर, पानांच्या वर भीमाबाई उभी राहिली. उभी म्हणजे गुडघ्यांवर. फळीवर गुडघे टेकून ती कमरेतून सरळ झाली होती आणि तशीच थांबली होती. हात मांडीवर. ना खुडत होती, ना हलत होती.

"काय झालं तिले?" मारोतराव म्हणाले.

"बाई!" बळीराम ओरडला. "बाई वं!"

तिने ऐकलं नाही. फक्त मान वळवली, डावीकडून उजवीकडे, सावकाश, सगळ्या तळ्यावरून. मग पुन्हा निजली आणि पाणी मागे सारत काठाकडे निघाली. टोपली भरलेली, हिरवे काटेरी शिंगाडे वरून सांडत होते. 

"काहून थांबली होती वं?" बळीरामने विचारलं. "जीव गेला ना माहा."

"पाहून राहिली होती." तिला दम लागला नव्हता, तरी ती थांबून थांबून बोलत होती. "बळ्या, मी तीस वर्षं जाते गा या पाण्यात. छातीभर पाणी, मान खाली, अन् डोयासमोर पानंच पानं. म्हणजे मले पट्टा माहीत हाय, खालचा गाळ माहीत हाय. पण आज वर झाली तं..." तिने हात पसरला आणि तो पुरेना म्हणून दुसराही पसरला. "तिकडच्या काठाले चार पळस हायेत. आभाळ इथून तिथवर सगळं खाली उतरलं हाय. लय मोठं हाय गा आपलं तळं. मले कोणी सांगितलंच नाई."

 दत्तोपंतांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न लावता हातातच धरून तळ्याकडे बघत राहिले.

मारोतरावांनी टोपली उचलली, बाकीच्या पहिल्या टोपल्यांच्या ओळीत नेऊन ठेवली. म्हणजे पट्टा राहिला. तळ्यावर अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत. मग ते फळीपाशी वाकले. तिच्यावर तळहाताने एक थापट मारली आणि आवाज ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बळीराम, कोणतं लाकूड हाय गा हे?"

लाकडाचं विचारलं आणि बळीरामने उत्तर दिलं नाही, असं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच झालं. भीमाबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती, म्हणून त्यानेही खाली बघितलं. बहिणीला हाक मारत तो केव्हा पुढे गेला ते त्याला कळलंच नव्हतं. धोतराचा सोगा पाण्यावर पसरला होता, अंगाला शिंगाड्याची पानं लागली होती, आणि तो छातीच्या बिब्याच्या डागांपर्यंत तळ्यात उभा होता.

"राहू द्या, मारोतराव," भीमाबाई म्हणाली. "थोडं ओलं होऊ द्या त्याले."